इंटरनेट रेडिओ मध्येच गप्प बसतोय? रिसेट मारायच्या आधी हे बघा

आमच्या ठाण्याच्या घरी किचनमध्ये एक इंटरनेट रेडिओ आहे, म्हणजे वायफायवरून स्टेशनं वाजवणारा रेडिओ. आई त्याला ‘बाई’ म्हणते, कारण पहिल्या दिवशी चालू केला तेव्हा आतून एक निवेदिका बोलत होती. ‘अरे, बाई परत गप्प बसली बघ’ ही हाक ऑफिसच्या कॉलवर असताना मी इतक्या वेळा ऐकलीय की शेवटी वैतागून एका रविवारी हा सगळा प्रकार मुळापासून समजून घेतला. मग बिल्डिंगमधल्या दोन काकांचे आणि ऐरोलीच्या मावशीचा रेडिओ पण चालू करून दिला, आणि आता ज्याचा बंद पडतो तो मला फोन करतो. फोनवर दर वेळी पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात आधी, फॅक्टरी रिसेट मारू नका. माहितीये, हात तिकडेच जातो. पण रिसेट मारला की वायफायचा पासवर्ड गेला, सेव्ह केलेली स्टेशनं गेली, आणि मग तो एक नॉब गोल गोल फिरवत पासवर्डचं एकेक अक्षर शोधायचं, त्यात एक कॅपिटल चुकलं की परत पहिल्यापासून. एवढं करून बिघाड भलतीकडेच असेल तर रेडिओ गप्प तो गप्पच, वर फेव्हरिट्स पण गेलेली. मी हे केलंय, म्हणून सांगतो.

कारण आवाज तुमच्या ओट्यापर्यंत पोचायला बरेच जण लागतात. स्टेशनचा सर्व्हर, तिथून इंटरनेट, तुमच्या नेटवाल्याची फायबर, घरातला राउटर, वायफाय, आणि मग रेडिओतली चिप जी तो डेटा उलगडून स्पीकरला देते. शिवाय एक जण असा आहे जो कुणाच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे डिरेक्टरी. रेडिओत जी ‘इंडिया, मराठी, अमुक तमुक’ अशी यादी दिसते ना, ती रेडिओत साठवलेली नसते, ती दुसऱ्याच एका कंपनीच्या सर्व्हरवरून येते. यातला एक जण जरी सुट्टीवर गेला तरी रेडिओच्या स्क्रीनवर तेच दिसतं, ‘कनेक्टिंग’ नाहीतर ‘बफरिंग ० टक्के’. म्हणजे नुसत्या स्क्रीनकडे बघून काही कळत नाही, कोण सुट्टीवर आहे ते आपणच शोधायचं.

आधी पाच मिनिटांत गुन्हेगार शोधा

रेडिओवर वेगवेगळी चार स्टेशनं लावून बघा, आणि त्यातली एक-दोन परदेशातली मोठी असू द्या. एकच स्टेशन बंद असेल आणि बाकीची व्यवस्थित वाजत असतील तर तुमचं वायफाय, राउटर, रेडिओ सगळं बरं आहे, त्यांना हात लावू नका.

सगळीच बंद असतील तर मोबाइल घ्या, त्याचा डेटा बंद करा (हे विसरू नका, नाहीतर मोबाइल गुपचूप डेटावर जातो आणि तुम्हाला वाटतं वायफाय मस्त चाललंय), आणि घरच्या वायफायवर एखादं स्टेशन लावा, तेही रेडिओजवळ उभं राहून, हॉलमध्ये सोफ्यावर बसून नाही. मोबाइलवर पण अडखळलं तर भानगड वायफायची किंवा लाइनची. मोबाइलवर छान वाजलं तर पुढची टेस्ट.

ही पुढची टेस्ट माझी सगळ्यात आवडती. मघाशी बंद केलेला डेटा परत चालू करा, मोबाइलचं वायफाय बंद करून हॉटस्पॉट लावा आणि रेडिओ त्याला जोडा. आता घरचा राउटर आणि घरची लाइन दोन्ही खेळातून बाहेर. वाजला, तर रेडिओ चांगला आहे आणि बिघाड घरच्या नेटमध्ये आहे. नाही वाजला, तर रेडिओ किंवा डिरेक्टरी. फक्त एक लक्षात ठेवा, बरेच रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात, त्यामुळे अँड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ करा, आणि नव्या आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ ऑन करा, नाहीतर रेडिओला हॉटस्पॉट दिसणारच नाही आणि तुम्ही उगाच रेडिओला शिव्या घालाल. डेटाची काळजी नको, १२८ केबीपीएसचं स्टेशन तासाला साधारण ५८ एमबी खातं, दहा मिनिटांच्या टेस्टला दहा एमबी.

एकच स्टेशन बंद, किंवा एका रात्रीत बरीच बंद

हा भाग मोठा आहे कारण माझ्याकडे आलेली बहुतेक दुखणी इथलीच निघाली.

स्टेशनवाले आपली लिंक बदलतात. सर्व्हर बदलला, कंपनी बदलली, पैसे वाचवायला जुना स्ट्रीम (नेटवरून येणारी आवाजाची धार) बंद केला, आपल्याला कोणी सांगत नाही. बीबीसीने २०२३ मध्ये आपले शाउटकास्ट नावाच्या जुन्या पद्धतीचे एमपी३ स्ट्रीम बंद केले तेव्हा जगभरातले चांगलेचुंगले रेडिओ त्या स्टेशनांपुरते मुके झाले. डिरेक्टरीचं पण तसंच. फ्रंटियर कंपनीच्या चिपवर चालणारे रेडिओ (अनेक ब्रँडच्या आत हीच चिप असते) २०१९ मध्ये व्हीट्यूनर ही डिरेक्टरी सोडून एअरेबल या दुसऱ्या डिरेक्टरीवर गेले तेव्हा कित्येकांची सेव्ह केलेली स्टेशनं उडाली. रेसिव्हा नावाची डिरेक्टरी २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या रेडिओंची यादीच गायब. लॉजिटेकने आपल्या स्क्वीझबॉक्स रेडिओंची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये गुंडाळली. म्हणजे तुमच्या रेडिओत काडीचाही बिघाड नसताना तो बंद पडू शकतो, आणि दुरुस्तीच्या दुकानात नेलात तर तो माणूस तरी काय करणार.

तर एक स्टेशन बंद असेल तर आधी ते फेव्हरिट्समधून न लावता यादीत नव्याने शोधून लावा. फेव्हरिटमध्ये कधीकधी जुनी नोंद अडकून बसते आणि यादीत मात्र नवीन लिंक आलेली असते. सापडलं, वाजलं, तर परत सेव्ह करा, विषय संपला. एकाच स्टेशनच्या दोन-तीन नोंदी दिसल्या तर सगळ्या लावून बघा, एखादी एमपी३ असते एखादी एएसी (आवाजाचे दोन वेगळे फॉरमॅट).

यादीत नसेलच तर कॉम्प्युटर उघडा, व्हीएलसी प्लेअर घ्या, मीडिया मेनूत ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ आहे तिथे स्टेशनची लिंक टाका. लिंक स्टेशनच्या वेबसाइटवर नाहीतर रेडिओ-ब्राउझर नावाच्या लोकांनीच मिळून बनवलेल्या मोफत डिरेक्टरीत मिळते. व्हीएलसीत पण वाजत नसेल तर स्टेशनच बंद आहे नाहीतर लिंक मेली आहे. छोट्या स्टेशनांना एका वेळी किती जणांनी ऐकायचं याची मर्यादा पण असते, त्यामुळे सणावारी सर्व्हर फुल होऊन बाकीच्यांना नकार मिळतो, एक तासाने परत बघा. लिंक पीएलएस किंवा एम३यू फाइल असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा, आत दोन-चार ओळीच असतात आणि खरा पत्ता त्यात लिहिलेला असतो, तो घ्या.

आता समजा व्हीएलसीत वाजतंय पण रेडिओत नाही, किंवा नीट नाही. मग व्हीएलसीच्या टूल्समध्ये ‘कोडेक इन्फॉर्मेशन’, म्हणजे स्ट्रीम कुठल्या फॉरमॅटचा आहे ते बघा, आणि लिंककडे पण नीट बघा. तीन शक्यता असतात.

एक, लिंकच्या शेवटी एम३यू८ आहे. याचा अर्थ स्ट्रीम एचएलएस आहे, म्हणजे अखंड धार न येता काही-काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि प्लेअरने ते एकामागोमाग एक मागून घ्यायचे. जुन्या रेडिओंना हा प्रकार कळतच नाही. आकाशवाणीचे ऑनलाइन चॅनेल पण एचएलएसनेच येतात, त्यामुळे दहा-बारा वर्षं जुना रेडिओ असेल तर ते थेट लागतीलच अशी अपेक्षा ठेवू नका, मोबाइलवर ‘न्यूज ऑन एअर’ ॲप लावून ब्लूटूथने किंवा ऑक्स वायरने रेडिओवर काढा, आवाज तोच येतो.

दोन, लिंक एचटीटीपीएस म्हणजे सुरक्षित प्रकारची आहे आणि रेडिओला ती झेपत नाही. इथे एक गंमत आहे. एचटीटीपीएसमध्ये सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो आणि त्यावर मुदतीची तारीख असते, आणि ती तारीख रेडिओ आपल्या घड्याळाशी ताडून बघू शकतो. मावशीचा रेडिओ घड्याळात २०१५ दाखवत होता, कारण कोणीतरी ‘ऑटो अपडेट’ बंद करून ठेवलं होतं, त्यामुळे त्याच्या हिशेबाने सगळी सर्टिफिकेटं भविष्यातली, म्हणजे खोटी. घड्याळ ‘अपडेट फ्रॉम नेटवर्क’ वर ठेवलं, टाइमझोन अधिक ५:३० केला, रेडिओ बंद करून चालू केला, लागली सगळी स्टेशनं. मावशी म्हणाली, ‘एवढंच होतं तर तीन महिने मी काय भिंतीकडे बघत बसले?’ मी काय बोलणार. पण घड्याळ बरोबर असूनही नाही लागलं तर रेडिओच्या आतली सर्टिफिकेटांची यादी जुनी असते. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत सर्टिफिकेटं देणारी सेवा ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटवर विसंबून होती ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं तेव्हा ज्यांचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं नव्हतं अशी बरीच यंत्रं एकाच दिवशी अडकली. उपाय म्हणजे फर्मवेअर अपडेट, आणि ते येत नसेल तर त्याच स्टेशनची साधी एचटीटीपी लिंक मिळते का बघणं.

तीन, वाजतंय पण आवाज घुसमटल्यासारखा, गोधडीतून यावा तसा. हे वायफाय नाही आणि स्पीकरही नाही. स्ट्रीम एएसी प्लस आहे आणि रेडिओला नुसता साधा एएसी येतो. त्या फॉरमॅटमध्ये खालचे सूर नेहमीसारखे पाठवतात आणि वरचे सूर वेगळ्या युक्तीने अगदी कमी जागेत बसवतात, ती युक्ती रेडिओला माहीत नसली की तो फक्त खालचा अर्धा भाग वाजवतो. त्याच स्टेशनची एमपी३ नोंद शोधा.

बऱ्याच रेडिओंत स्वतःची लिंक टाकायची सोय असते, पण रेडिओवर नाही, कंपनीच्या वेबसाइटवर. रेडिओच्या मेनूतून ॲक्सेस कोड काढायचा, साइटवर अकाउंट करून तो टाकायचा आणि तिथे लिंक सेव्ह करायची, मग ती रेडिओत ‘माय स्टेशन्स’ किंवा तशाच नावाखाली दिसते. ज्यांच्या घरी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) पडून आहे आणि हौस आहे त्यांच्यासाठी आणखी एक रस्ता, पायवर एफएफएमपेग या प्रोग्रॅमने एचएलएस स्ट्रीम घ्यायचा, त्याचा १२८चा एमपी३ करायचा आणि आइसकास्ट या रेडिओ सर्व्हरमधून घरातल्या घरात साध्या एचटीटीपीवर परत सोडायचा, पोर्ट ८०००. रेडिओला वाटतं जुन्या काळातलंच स्टेशन आहे. आईचं सकाळचं स्टेशन गेली दोन वर्षं असंच चालतंय, तिला पत्ताही नाही.

सगळी स्टेशनं लागतात पण तुटत तुटत

इथे लोक म्हणतात नेट स्लो आहे, शंभर एमबीपीएसचं दोनशे करून घेतात, आणि तरी तुटतं. अहो, १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १६ केबी, तुमच्या शंभराच्या प्लॅनच्या हजारात दीड भाग पण नाही. वेग नाही, सातत्य लागतं. रेडिओकडे थोड्याच सेकंदांचा साठा असतो, तेवढ्या वेळात वायफाय रुसलं की आवाज गेला. मोबाइलवर व्हिडिओ तुटत नाही कारण तो पुढचं बरंच आधीच ओढून ठेवतो, लाइव्ह रेडिओला ते करता येत नाही.

आमच्याकडे रेडिओ दुपारी दीडच्या सुमारास हमखास अडखळायचा. मी नेटवाल्याला तीन तक्रारी केल्या. मग एक दिवस वर्क फ्रॉम होम होतं, मी पाणी प्यायला किचनमध्ये गेलो, आईने भाजी गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि माझ्या डोळ्यांदेखत बाई तोतरी झाली. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, रेडिओचं वायफाय २.४ वर, आणि दोघांमध्ये हातभर अंतर. त्यात रेडिओ ठेवला होता स्टीलच्या डब्यांच्या मांडणीत, डावीकडे गव्हाच्या पिठाचा मोठा डबा, उजवीकडे तांदळाचा, मागे ताटं उभी. म्हणजे सिग्नलला आत यायला खिडकीच नाही. रेडिओ उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि अर्धा प्रश्न तिथेच मिटला, एक रुपया खर्च न होता. तेव्हा आधी रेडिओ हलवा. फ्रिजवर, डब्यांमागे, ॲक्वेरियमशेजारी ठेवू नका, आणि राउटर पण टीव्हीच्या मागे कोंबलेला असेल तर बाहेर काढा. रेडिओच्या मेनूत कुठेतरी सिग्नल दिसतो, तो बघत बघत जागा ठरवा.

मग वायफायचा चॅनेल. घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहत असाल तर मोबाइलवर वायफाय ॲनालायझर ॲप लावून बघा, शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं दिसतील आणि अर्धी एकाच चॅनेलवर. राउटरच्या सेटिंगमध्ये (ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ नाहीतर राउटरच्या खाली चिकटवलेला पत्ता) २.४ साठी १, ६ आणि ११ यातला जो मोकळा असेल तो हाताने निवडा, ऑटो नको, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. १२ आणि १३ आपल्याकडे चालतात पण अमेरिकेसाठी बनलेला रेडिओ ते बघतच नाही. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवा, नुसतं डब्ल्यूपीए३ केलंत तर जुना रेडिओ जोडलाच जाणार नाही. आणि २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव एकच असेल तर वेगळं करा, म्हणजे रेडिओ कुठे लटकलाय ते तरी कळेल.

रोज ठरावीक तासांनी तुटून आपोआप परत लागत असेल तर आयपी पत्त्याचं (राउटर प्रत्येक यंत्राला ठरावीक मुदतीपुरता देतो तो नंबर) बघा, राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन असतं तिथे रेडिओला कायमचा पत्ता बांधून द्या. स्टेशन शोधायलाच खूप वेळ लागत असेल पण एकदा लागल्यावर नीट चालत असेल तर डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला, ८.८.८.८ किंवा १.१.१.१.

लाइनचा दोष, आणि नेटवाल्याशी बोलणं

लॅपटॉप शक्यतो वायरने राउटरला जोडा, कमांड विंडोत आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करा (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघणं), शंभर वेळा, मग ८.८.८.८ ला शंभर वेळा. पहिल्यात एकही पॅकेट हरवत नाही आणि दुसऱ्यात पाच-सात हरवतात, तर दोष घराबाहेर. स्क्रीनशॉट काढून ठेवा. कारण येणारा मुलगा स्पीड टेस्ट लावतो, शंभर दाखवतो, ‘बघा सर, फुल स्पीड, तुमच्या रेडिओचा प्रॉब्लेम आहे’ म्हणतो आणि जातो. स्क्रीनशॉट दाखवलात की बोलणं बदलतं. त्याला फायबरची पॉवर मोजायला सांगा, त्याच्याकडे मीटर असतो. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर छान, उणे २७ म्हणजे काठावर, पाऊस पडला की जाणार. आमच्याकडे उणे २८ निघाली, गच्चीवरच्या जोडात पाणी गेलं होतं, आणि ते कळायला चार महिने आणि तीन वेगवेगळी मुलं लागली. ओएनयूवर (फायबर जिला जोडलेली असते ती पेटी) लॉसचा लाल दिवा पेटला असेल तर मात्र काहीच तपासत बसू नका, फायबर तुटलीय, सरळ तक्रार नोंदवा. तोवर तुमच्या रेडिओत एफएम असेल तर मुंबई-ठाण्यात १०२.८ वर विविध भारती आहेच.

रेडिओच दुखणाईत असेल तर

आवाज वाढवला की रेडिओ बंद होऊन परत चालू होतो, हे अडॅप्टर थकल्याचं लक्षण. नवीन घेताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या आत प्लस की मायनस ते लेबलवरच्या चित्रावरून जुळवा. पावसाळ्यात पिनवर हिरवट थर येतो, तो आधी पुसून बघा. स्क्रीनवर सगळं चालू दिसतंय पण आवाजच नाही, तर हेडफोनची पिन दोन-चार वेळा आत-बाहेर करा, आतला स्विच अडकतो आणि रेडिओला वाटतं कानात हेडफोन आहे.

फर्मवेअर अपडेट करताना लाइट जाता कामा नये, अर्धवट राहिलं तर रेडिओ कायमचा जाऊ शकतो. इन्व्हर्टर असेल तर त्यावर लावा, नसेल तर वादळी संध्याकाळी हा उद्योग करू नका. आणि हे सगळं करूनही काही झालं नाही तर मग मारा रिसेट, पण आधी फेव्हरिट्सच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून घ्या.

एक गोष्ट मात्र दुरुस्त होत नाही, कारण तो बिघाड नाहीच. इंटरनेटवरचा आवाज एफएमच्या मागे असतो, कधी दहा सेकंद, एचएलएस असेल तर अर्धा-पाऊण मिनिट पण. आई अजूनही सकाळी बातम्यांआधीचे ते टू-टू ऐकून भिंतीवरचं घड्याळ लावते, आणि आमचं घड्याळ कायम तेवढंच मागे.